खरं सांगू का गोड?

"आण हिकडं ती पोरगी. एका हातानं पोर, एका हातानं पेन्शील. दोनीतलं एक तरी धड कर की गं."

शिवबाईनं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सरकवलं, हात लुगड्याला पुसले आणि महानंदा नको नको म्हणेपर्यंत चिन्नीला उचलून घेतलंसुद्धा. सात महिन्यांची चिन्नी तिच्या खांद्यावर नाक घासत राहिली आणि मग एकदम शिंकली. तंबाखूची धूळ. या बोळातल्या प्रत्येक घरात ती होती. चौकटीवर, पाण्याच्या घागरीवर, बायकांच्या केसांत.

"शिकली!" शिवबाई हसली. "पाच-सात शिंका आल्या की नाक तयार हुतंय. मंग हिला बी सूप घिऊन द्या."

महानंदा हसली आणि वही उघडून बसली. ही तिची तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांना तिनं छापील प्रश्न विचारले होते. दिवसाला विड्या किती, कामाचे तास किती, घरात माणसं किती. शिवबाईनं खानेसुमारीच्या कारकुनाला द्यावीत तशी उत्तरं दिली होती, खाली मान घालून, विडीचं पान कातरता कातरता. ते कागद पाहून हिरेमठ सरांनी डोक्याला हात लावला होता.

"यात बाई कुठं आहे हो? यात विड्याच आहेत नुसत्या."

हिरेमठ सर कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. एम.ए.च्या वर्गात मुलं नऊ, त्यात बाई एकटी महानंदा. तीही लग्न झालेली, बाळंतपणात एक सत्र बुडवलेली. वर्गात कुणी तिला काही विचारत नसे. सर मात्र सगळ्यांना सारखंच सांगायचे. ती यादी फाडून टाका. प्रश्न कमी विचारा, आणि हो-नाहीत संपणारा तर विचारूच नका. मग गप्प बसा. गप्प बसणं हे आपल्या शास्त्रातलं सगळ्यात अवघड काम. तुम्ही गप्प राहिलात की समोरचं माणूस ती जागा भरून काढतं. लिहिताना त्याचे शब्द जसेच्या तसे, आपलं शहाणं मराठी त्यात कालवू नका. समोर लिहिता आलं नाही तर घरी गेल्यावर तासाभरात सगळं उतरवून काढा. नाव तेवढं बदला.

म्हणून आज तिनं यादी आणली नव्हती. "अक्का," ती म्हणाली, "तुमचा दिवस कसा जातो ते सांगा की."

"खरं सांगू का गोड सांगू?"

हे शिवबाईचं पालुपद होतं. काहीही विचारा, आधी हे. भाजीवाला म्हातारा पीरसाबसुद्धा बोळात शिरताना ओरडायचा, "शिवबाई, वांगी खरी देऊ का गोड देऊ?" आणि सगळ्या बायका आपापल्या दारात हसायच्या.

"खरंच सांगा," महानंदा म्हणाली.

मग शिवबाई बोलत राहिली. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला उठणं, पान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळणं, कारखान्यातला तपासनीस विड्या परतवतो तेव्हा त्याच्या मिशीकडं बघत मनातल्या मनात त्याला काय काय म्हणायचं ते. दुष्काळात नवरा मल्लप्पा खडी फोडायला गेला, छातीचं दुखणं घेऊन आला आणि वर्षभरात गेला, तेही. बोलताना डावा हात चिन्नीच्या पाठीवर फिरत होता आणि महानंदाची पेन्सिल धावत होती.

थोड्या वेळानं चिन्नी रडायला लागली. महानंदानं वही मिटली, पेन्सिल जमिनीवर ठेवली आणि भिंतीकडं वळून तिला पदराखाली घेतलं. खोलीत फक्त चिन्नीच्या गिळण्याचा आवाज उरला. बाहेर शिवबाईची पाच वर्षांची काशम्मा चिंचोके खेळत होती.

"दूद भरपूर हाय न्हवं?" शिवबाईनं विचारलं.

"हो अक्का. वाया जातंय."

शिवबाई काही बोलली नाही. महानंदाही नाही. आधी तिला नुसतंच बरं वाटत होतं, बाळाला पाजताना वाटतं तसं. मग सरांचं बोलणं आठवलं, आणि ती गप्पच राहिली. त्या दोन गप्प बसण्यांत काय फरक होता ते तिला पुढं कितीतरी दिवस छळणार होतं.

"काशी एकटी न्हवती," शिवबाई म्हणाली. "जुळ्या हुत्या. काशी आन गंगी. गल्लीला ठावं हाय. गंगी दुष्काळात गेली, आसं समद्यास्नी ठावं हाय." तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "खरं सांगू का गोड सांगू?"

महानंदानं मान वळवली. "खरं सांगा, अक्का."

"गेली न्हाय ती."

आणि तिनं सांगितलं. अक्कलकोटच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं. पोरी चार महिन्यांच्या. दूध एकीपुरतंच उतरायचं. "एकीला लावलं की दुसरी बगत ऱ्हायाची. रडायची बी न्हाय. रडाया बी दूद लागतंय की." दुधनीच्या एका भुसार दुकानदाराची बायको कामावरच्या बायकांना कण्या वाटायला यायची. तिला मूल नव्हतं. आठ दिवस ती गंगीला मांडीवर घेऊन बसली, वाटीनं दूध पाजलं. नवव्या दिवशी मल्लप्पा म्हणाला, हिला हितंच ऱ्हाऊ द्यावं.

"मी हू म्हनले न्हाय आन न्हाय बी म्हनले न्हाय. परत आलो. बोळाच्या तोंडाशी बाया हुत्या. त्यास्नी दिसलं, मांडीवर एकच पोर. खातूनबीनं जी छाती पिटली! मी तोंड उघडायच्या आधी समदी गल्ली रडाया लागली. मंग मी बी रडले. रडू खरंच हुतं की गं. तीन दिस कुनी सुपाला हात लावला न्हाय. घरोघरनं भाकरी आल्या. त्या भाकरी मी खाल्ल्या. आता सांग, कवा सांगायचं हुतं मी? पैल्या भाकरीला, का तिसऱ्या दिशी?"

ती उठली. पत्र्याच्या पेटीतून तिनं एक घडी काढली. निळ्या छिटाचा फ्रॉक, चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा. बाहेर चिंचोके खेळणाऱ्या काशीच्या अंगावर त्याच छिटाचा होता, विटलेला.

"दर साली पंचमीच्या दुसऱ्या दिशी जाते. बाजाराला म्हनून. एका थानातले दोन शिवते, हातानंच. तंबिटाचे लाडू नेते. ती बाई चांगली हाय, दुकानात बसू देती. पोरगी मला बिडीवाली मावशी म्हनती. गेल्या साली फ्रॉक आखूड झाला. ही काशीपरास वाढली. ह्यो परत आणला. दूद बरं हाय न्हवं तितलं." ती फ्रॉकची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती. "चार घटका बसते आन सांजच्या गाडीनं येते. मला तेवडंच लई झालं."

चिन्नी झोपली होती. महानंदाचे डोळे भरून आले होते. तिनं पुढं होऊन शिवबाईचा हात धरला. ते खोटं नव्हतं; ते ढोंग नव्हतंच. पण घरी परतताना टांग्यात, मांडीवर झोपलेल्या चिन्नीवर पदर धरून, ती ओठांतल्या ओठांत वाक्यं घोकत होती, एकही शब्द सांडू नये म्हणून. रडायची बी न्हाय. रडाया बी दूद लागतंय की.

सासूबाई दुपारी मठात पुराणाला जायच्या. तो दीड तास महानंदाचा. त्या दिवशी तिनं झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवली, चिन्नीला झोके देत देत चार ताव लिहिले, एकदाही न थांबता. शिवबाईची अक्कम्मा केली, पोरींची नि नवऱ्याची नावं गाळली, खातूनबीचं वाक्यही. दुधनीच्या जागी 'सीमेजवळचं एक गाव' घातलं. बाकी शब्द न् शब्द तिचा. लिहून झाल्यावर तिनं ते स्वतःशीच मोठ्यानं वाचलं, आणि अंगावर काटा आला. लग्नानंतर इतका आनंद तिला चिन्नीच्या जन्माखेरीज कशानंच झाला नव्हता.

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. 'तिसऱ्या दिशी'पाशी ते थांबले, चष्मा काढून पुसला. बाकीच्या आठही जणांनी महानंदाकडं बघितलं.

"हे कसं मिळवलंत तुम्ही?"

"गप्प बसले, सर."

सर खूश झाले. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. बी.ए.च्या नव्या मुलांसाठी ते एक पुस्तिका तयार करत होते, सामाजिक संशोधनाची ओळख. मराठीत तसं काहीच नव्हतं. मुलाखत कशी घ्यावी हे सांगून कळत नाही; दाखवावी लागते. ही मुलाखत नमुना म्हणून घातली तर?

"फक्त एक," सर म्हणाले. "बाईंना विचारलंय ना तुम्ही? छापणार म्हणून?"

"हो सर," महानंदा म्हणाली.

इतकं सहज निघालं ते तोंडातून की तिला स्वतःलाच वाटलं, विचारलंच असेल. घरी जाईपर्यंत तिनं स्वतःला सांगितलं, उद्या जाऊन विचारू. मग चिन्नीला ताप आला. मग परीक्षा आली. मग उन्हाळा. खरं कारण यातलं एकही नव्हतं. विचारलं असतं तर शिवबाई नको म्हणाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिनं विचारलं नाही. शिवाय, वाचणार कोण होतं? कॉलेजातली पोरं. विड्या वळणाऱ्या बायका थोड्याच वाचतात.

जूनच्या शेवटी पुस्तिका आली. सायक्लोस्टाईल केलेली, जांभळट शाईची, कडेला दोन टाचण्या. पान बावीस ते सव्वीस. 'नमुना मुलाखत. अक्कम्मा (नाव बदलले आहे), विडी कामगार, वय सुमारे बत्तीस, सोलापूर.' आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'मुलाखतकार: सौ. महानंदा शरणप्पा बिराजदार.' नवऱ्यानं, शरणप्पानं, ती पुस्तिका कापडाच्या पेढीवर नेऊन मालकांना दाखवली. सासूबाईंनी वाचता येत नव्हतं तरी ती हातात धरून बघितली आणि देवळीत ठेवली.

जुलैमध्ये एका दुपारी महानंदा पुन्हा त्या बोळात गेली. प्रबंधासाठी आणखी चार घरं बघायची होती. चिन्नी आता वर्षाची झाली होती, बोट धरून पावलं टाकायची. ती शिवबाईला दाखवायची होती. गिरणीचा तीनचा भोंगा नुकताच झाला होता. या वेळेला बायका आपापली सुपं घेऊन खातूनबीच्या ओसरीवर जमायच्या. खातूनबी गल्लीतली सगळ्यात थोरली, तिची ओसरी सगळ्यात मोठी. तिची धाकटी मुलगी अकबरी त्यांना वाचून दाखवायची, आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या बायका वळून टाकायच्या. कधी वर्तमानपत्र, कधी मासिकातली गोष्ट. महानंदाला ही पद्धत माहीत होती. पहिल्या खेपेच्या कागदावर तिनं तशी नोंदही केली होती. अकबरी या जूनमध्ये कॉलेजात जायला लागली, हे मात्र तिला माहीत नव्हतं.

ओसरीच्या कोपऱ्यापाशी येताच तिला हसण्याचा लोंढा ऐकू आला, आणि त्यावरून चढलेला अकबरीचा आवाज:

"'...त्येच्या मिशीकडं बगायचं आन मनात म्हनायचं, तुज्या मिशीची बी बिडी वळीन येक दिस.'"

महानंदा जागच्या जागी थांबली. आपलं वाक्य. पहिल्या क्षणी तिला आलं ते आनंदाचं भरतंच. या बायका हसताहेत, आपण लिहिलेल्याला. ती भिंतीआड तशीच उभी राहिली, आणखी ऐकायला.

"कोन गं ही अक्कम्मा?" कुणीतरी विचारलं.

"होगी कोई आपलीच," खातूनबी म्हणाली. "पढ गे आगे."

"'खरं सांगू का गोड सांगू?'" अकबरीनं वाचलं.

ओसरी फुटलीच. "शिवबाई! अगं तुजं पेटंट चोरलं की गं हिनं!"

"माजी जुळी आसंल कुटंतरी," शिवबाई म्हणाली आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसली.

आत जायला हवं होतं, पुस्तिका अकबरीच्या हातातून ओढून घ्यायला हवी होती. पाय हलले नाहीत. अकबरी वाचत होती, पान उलटत होती. हसणं विरळ झालं. दूध एकीपुरतंच उतरायचं. एक कात्री थांबली. एकीला लावलं की दुसरी बगत ऱ्हायाची. मग दुसरी थांबली. अकबरीचाच आवाज आता हळू झाला होता, शब्दाशब्दाला अडखळत होता, पण ती शिकणारी पोर, सुरू केलेलं वाक्य संपवल्याशिवाय थांबायची सवय नव्हती तिला. "'...बाया हुत्या. त्यास्नी दिसलं, मांडीवर एकच पोर. मी तोंड उघडायच्या आधी...'"

"रख दे वो किताब, अकबरी," खातूनबी म्हणाली.

इतक्या बायका, आणि एका कात्रीचा आवाज नाही.

"मैं छाती पिटी थी, शिवबाई." खातूनबीचा आवाज चढला नव्हता, तो उलट खाली गेला होता. "मेरी खुदकी बच्ची गई तब नै पिटी उतनी. तेरे वास्ते पिटी मैं."

"तीन दिस सूप पालतं ठिवलं हुतं आमी," दुसरी कुणी म्हणाली. "आन ही भाकरी खात बसली."

"आई," काशीचा आवाज आला, "गंगी दुधनीला हाय?"

गावाचं नाव पुस्तिकेत नव्हतं. पण दर पंचमीला आई कुठल्या गाडीनं जाते, ते पोरीला ठाऊक होतं. गल्लीलाही.

चिन्नीनं तेवढ्यात महानंदाचं बोट सोडलं आणि ओसरीच्या दिशेनं दोन पावलं टाकली. तिला धरायला महानंदा पुढं झाली, आणि सगळ्यांना दिसली.

शिवबाईनं वर पाहिलं. हातात अर्धी वळलेली विडी होती. तिनं ती पुरी केली, टोक मुडपलं, दोरा गुंडाळला. नेहमी करायची तशीच. पण तंबाखू सांडून गेला होता, विडी पोकळ झाली होती. तिनं ती बाजूला ठेवली.

"पेन्शील खाली हुती की गं तुजी," ती म्हणाली.

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर महानंदाला आधार मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या घरी गेली. दारातच सांगितलं, सर, मी त्यांना विचारलं नव्हतं. सर पेपर वाचत होते. त्यांनी घडी घातली.

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"हो सर."

सर गप्प बसले. समोरच्याला बोलतं करायला ते गप्प बसायचे तसं नव्हतं हे. "चूक माझीही आहे," शेवटी ते म्हणाले. "नाव बदला म्हणून शिकवलं. आवाज बदलत नाही हे नाही शिकवलं." मग उठले आणि ज्यांना पुस्तिका दिल्या होत्या त्या मुलांची यादी काढून दिली.

साठ पुस्तिका. पुढचे बारा दिवस चिन्नीला कडेवर घेऊन महानंदा सोलापूरभर हिंडली. जोडभावी पेठ, बाळीवेस, रेल्वे लाईन्स. दार वाजवायचं, पुस्तिका मागायची, बावीस ते सव्वीस पानं फाडायची, पुस्तिका परत द्यायची. मुलं विचारायची, का हो बाई, परीक्षेला नाही का ते? ती म्हणायची, नाही. एकानं दात काढत सांगितलं, "मी वाचलंय ना पण, पाठ झालंय. रडाया बी दूद लागतंय की!" कागद तेवढे फाडता येत होते. घरी सासूबाईंनी विचारलं, रोज कुठं जातेस गं उन्हात पोरीला घेऊन? तिनं सांगितलं, कॉलेजचं काम आहे. तेही खोटंच.

शेवटची प्रत अकबरीची. ती कॉलेजच्या नळावर भेटली. तिनं महानंदाकडं न बघता सांगितलं, "ताई, ती पानं अम्मीनं चुलीत घातली." आणि मग, पाणी पिऊन झाल्यावर, "मी वाचायला नको हुतं."

"तुझी काय चूक गं?"

"आवाज माजा हुता ना."

बोळात जायचं धाडस व्हायला पंचमी उजाडली, आणि उलटली. पंचमीचा दुसरा दिवस महानंदानं मुद्दाम निवडला. दुधनीची गाडी सकाळी असते. शिवबाई घरी नसेल, दाराला कडी असेल. कडीला हात लावून परत येऊ, असं काहीसं तिच्या मनात होतं. स्वतःच्या भित्रेपणाचीही तिला आता लाज वाटेनाशी झाली होती.

दार उघडं होतं. शिवबाई भिंतीला टेकून विड्या वळत होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी, एकटी.

"ये," ती म्हणाली. "उंबऱ्यात उभी ऱ्हाऊ नगंस, पोर पडंल."

महानंदा आत आली, पण बसली नाही. "अक्का, आज तुम्ही... गाडी..."

"सांगावा आला हुता." शिवबाईनं पान कातरलं. "गल्लीतल्या एकीची नणंद दुधनीलाच दिलीया. बोलनं चालत चालत गेलं. मंग त्या बाईचा मानूस आला हुता मागल्या सोमवारी. रागावून न्हाय, चांगलं बोलला. म्हनला, पोरगी आता कळती झाली, साळंत घातली, चार तोंडं चार गोष्टी सांगत्यात. हिथनं फुडं येऊ नगा." तिनं पुढचं पान घेतलं. "त्येचं बी बराबर हाय."

महानंदा खाली बसली. बारा दिवस ती जे बोलायचं ठरवत होती त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. सगळी वाक्यं पुस्तकी होती. चिन्नी धडपडत जाऊन शिवबाईच्या सुपाला धरून उभी राहिली आणि तंबाखूत हात घातला. शिवबाईनं तो हात उचलला, पदरानं पुसला, पण सोडला नाही.

"अक्का," महानंदा कसंबसं म्हणाली, "माझ्यावर राग आहे ना तुमचा?"

शिवबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ बघितलं. महानंदाला वाटलं, आता ती विचारेल. खरं का गोड. ती विचारायची वाट बघत राहिली, काय म्हणायचं तेही तिनं ठरवलं.

शिवबाईनं विचारलं नाही.

"गोड सांगते," ती म्हणाली. "न्हाय."

आणि चिन्नीचा हात सोडून तिनं पुन्हा कात्री उचलली.

काही वेळानं दारात सावली पडली. खातूनबी होती. ती महानंदाकडं न बघता आत आली, "दोरा है क्या?" म्हणाली. शिवबाईनं रीळ पुढं केलं. खातूनबीनं दोरा तोडून घेतला, क्षणभर घुटमळली, कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढून सुपाशेजारी ठेवली आणि निघून गेली. पुडीतून लाह्यांचा वास येत होता.

"अजून बोलत न्हाय," शिवबाई म्हणाली. "पन दोरा हाय तिच्याकडं. लई हाय. कालच आणलाय."

महानंदा उठली. चिन्नीला कडेवर घेतलं, वाकून नमस्कार करावा असं मनात आलं, पण तो हक्कही राहिला नाहीसं वाटून तशीच बाहेर पडली. आज तिच्याजवळ वही नव्हती, पेन्सिल नव्हती. तरी ओठांशी वाक्य येतच होतं. पन दोरा हाय तिच्याकडं. तिनं ओठ मिटून घेतले.

आली त्या बाजूला ओसरी होती, म्हणून ती बोळाच्या दुसऱ्या तोंडाकडं निघाली. या बोळात धुणं घरापुढच्या दोरीवर वाळत घालतात, समोरासमोरच्या दोन घरांच्या खुंट्यांना बांधलेल्या, माणसाच्या छातीला लागेल इतक्या उंचीच्या. शिवबाईच्या दोरीवर दोन फ्रॉक होते. एका थानातले, पोपटी छिट, त्यावर पांढरे ठिपके. एकाच्या पुढ्यावर काशीनं सणाला सांडलेल्या कशाचा तरी डाग धुऊनही राहिला होता. दुसरा कोरा, कुणीच न घातलेला, कमरेत दोन बोटं जास्त ठेवलेला. त्याचीही खळ काढून, पिळून, बाह्या सरळ करून तो पहिल्याच्या शेजारी घातला होता. इतकी वर्षं हा दुसरा फ्रॉक गाडीची वेळ होईपर्यंत पेटीत लपलेला असायचा. आज तो बोळाच्या मधोमध उन्हात होता, आणि त्याच्यातून पाणी थेंब थेंब गळत होतं.

पलीकडं जायला दुसरी वाट नव्हती. चिन्नीनं फ्रॉककडं हात पुढं केला. महानंदानं तो धरला, तिचं डोकं छातीशी दाबलं आणि कापडाला स्पर्श होणार नाही इतकी खाली वाकून ती दोरीखालून गेली.